उतारावर गाडी गिअरातच असू द्या

मेळघाटातल्या धारणीच्या रस्त्यावर परतवाडा सुटले, बिहाली मागे पडली, की घाटांगपर्यंत इंजिन नुसते रडत असते. माणसांनी भरलेली काळीपिवळी असो की सिमेंटची पोती घातलेला पिकअप, चढावर सगळेच शहाण्यासारखे चालवतात. तिथे चुकीला जागाच नसते. वरचा गिअर राहिला तर गाडी जागेवर बंद पडते आणि मागचा हॉर्न वाजवायला लागतो. घोळ सुरू होतो तो चढ संपल्यावर. घाटांगच्या पुढे सेमाडोहकडे उतार लागला की ड्रायव्हरचा डावा हात सवयीने दांडीवर जातो, दांडी मधोमध येते आणि इंजिनाचा आवाज एकदम बसतो. खिडकीतून आता फक्त वारा आणि टायर ऐकू येतात. आतल्या लोकांना बरे वाटते, गाडी कशी अलगद चालली म्हणून. कोणी विचारले तर उत्तर तयार असते : “न्यूटल केली त तेल वाचते नं जी.”

हे लिहिणे त्या एका उत्तरासाठी आहे. तेल वाचत नाही. आणि ज्याच्या भरवशावर गाडी उतरायची, तेच आपण सोडून दिलेले असते.

आपल्याकडे बंडी हाकलेली माणसे अजून आहेत, त्यांना हे दोन वाक्यांत कळते. भरल्या बंडीला ब्रेक नसतो. नाल्याच्या उतारावर बैल पाय रोवतात, मागे रेलतात, आणि सगळे ओझे मानेवर घेऊन बंडी थोपवत खाली आणतात. उतारावर जू सोडून बैल बाजूला करणारा शेतकरी मेळघाटात सापडणार नाही. न्यूट्रल करणे म्हणजे नेमके तेच करणे आहे.

इंजिन गाडीला थोपवते कसे, हे थोडे समजून घ्या. एक्सलेटरवरचा पाय काढला पण गाडी गिअरात ठेवली, तर इंजिन चाकांना फिरवत नाही, चाकेच इंजिनाला फिरवतात. पेट्रोल गाडीत पाय काढल्यावर हवा आत जायची वाट जवळपास बंद होते. पिस्टन बंद तोंडातून हवा ओढायला बघतो आणि त्या ओढाताणीत चाकांचा जोर खर्ची पडतो. डिझेल इंजिनाला अशी झडप बहुधा नसते. तिथे हवा दाबण्यात जो जोर जातो त्यातला बराचसा ती पसरताना परत मिळतो, म्हणून नुसत्या डिझेल इंजिनाची पकड माणसाला वाटते तेवढी नसते. याच कारणासाठी मोठ्या ट्रकांना आणि बसना एक्झॉस्ट ब्रेक देतात. सायलेन्सरच्या वाटेवर झडप लावून धूर कोंडायचा आणि पिस्टनला त्याच्याविरुद्ध झुंजवायचे, एवढेच त्याचे काम. तो ब्रेक बिघडलेला असेल तर तो दुरुस्त करणे हा मालकाचा शौक नाही, प्रवाशांचा हक्क आहे.

आता गिअरचे. पाचव्या गिअरात पाय काढला तर गाडीला फारसा फरक जाणवत नाही. पहिल्यात काढला तर डोके काचेकडे जाते. इंजिन तेच, पण पहिल्या गिअरात त्याची पकड चाकांपर्यंत पाचव्याच्या चार-पाच पट होऊन पोचते. जुने ड्रायव्हर सांगत आले की ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. हा नियम अजून खरा आहे, फक्त त्यात एक दुरुस्ती हवी. हल्लीच्या गाड्यांचे इंजिन ताकदवान झाले, त्या तिसऱ्यात सुद्धा घाट चढून जातात. अशा गाडीने उतरताना एक गिअर आणखी खाली घ्यावा. खूण सोपी आहे. गाडी गिअरात आहे, पाय दोन्ही पॅडलवरून बाजूला आहे आणि तरी वेग वाढतच चालला असेल, तर तुम्ही एक गिअर वर आहात.

खालचा गिअर उतार लागायच्या आधी टाकायचा, हे मात्र पक्के लक्षात ठेवा. साठच्या वेगात असताना घाबरून एकदम पहिला कोंबला तर इंजिन त्याच्या मर्यादेपलीकडे फिरते, व्हॉल्व्ह वाकतात. मोटारसायकलचे मागचे चाक तर जागीच घसरते. डिझेलवाल्यांचा एक गैरसमज असतो की गव्हर्नर आहे, तो इंजिन जास्त फिरू देणार नाही. गव्हर्नर फक्त तेल बंद करू शकतो. मागून ओझे ढकलत असेल तर त्याला तो काय करणार?

तेलाचा हिशेब आता मांडूनच टाकू. गाडी गिअरात, पाय वर, चाके इंजिनाला फिरवताहेत, अशा वेळी आजच्या इंजेक्शनच्या गाडीत संगणक तेल पूर्ण तोडतो. खर्च शून्य. जुन्या डिझेल पंपातही गव्हर्नर जवळपास तेच करतो. न्यूट्रल केले की इंजिनाला स्वतःच्या जिवावर फिरत राहायला तेल लागते, म्हणजे थेंब-थेंब जाळणे सुरूच. म्हणून न्यूट्रल करणारा ज्यादा तेल जाळतो. फक्त जुन्या कार्बोरेटरच्या मोटारसायकलीत गिअरात उतरताना थोडे पेट्रोल ओढले जाते. ते पूर्ण घाटभर मोजले तरी चहाच्या कपाएवढे भरणार नाही.

मग ही सवय आली कुठून? माझा तर्क असा की ती राजदूत, येझदी, लूनाच्या काळातली आहे. त्या टू-स्ट्रोक इंजिनांना वंगण पेट्रोलमधूनच मिळायचे. लांब उतारावर पेट्रोल बंद करून गिअरात ठेवले तर वंगणही बंद, आणि पिस्टन धरायची भीती. त्यामुळे उतारावर क्लच दाबा, अधूनमधून रेस द्या, असे सांगणारे काका-आजोबा त्यांच्या गाडीपुरते बरोबर होते. गाड्या बदलल्या, सल्ला तसाच राहिला.

इंजिन बंद करून उतरणारे तर वेगळ्याच धाडसाचे. चारचाकीत ब्रेकला जो हलकेपणा असतो तो चालत्या इंजिनाचा असतो. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीनदा पॅडल दाबले की पॅडल दगडासारखे कडक होते. पॉवर स्टिअरिंग जड होते. चावी एक घर जास्त फिरली तर स्टिअरिंगला कुलूप लागते, तेही वळणावर. हवेच्या ब्रेकच्या बसमध्ये इंजिन बंद म्हणजे हवा भरणेही बंद.

आता ब्रेकचे काय होते ते बघा. चिखलदऱ्याची उंची सुमारे 1100 मीटर, परतवाडा चारशेच्या आत. म्हणजे धामणगाव गढीमार्गे खाली येणारी गाडी 700 मीटर उतरते. भरलेला पिकअप तीन टनांचा धरला, तर एवढे ओझे एवढ्या उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिच्यात 70 लिटर थंड पाणी उकळेल. वारा आणि टायर यातला काही भाग खातात. बाकीचा एक तर इंजिन खाईल, नाही तर चार ड्रम-डिस्क. न्यूट्रल केलेल्या गाडीत सगळा बोजा त्या चार चाकांच्या आतल्या लोखंडावर येतो. लोखंड तापते, लायनर तापते. तापलेले लायनर घासते पण धरत नाही. आधी करपलेला वास येतो. मग पॅडल नेहमीएवढेच लागते, पण गाडी थांबत नाही. लोक याला ब्रेक फेल म्हणतात. फेल काही झालेले नसते, ब्रेक थकलेला असतो. तासाभराने मिस्त्री येऊन बघतो तेव्हा ब्रेक छान लागतो आणि तो ड्रायव्हरकडे संशयाने बघतो.

दुसरा प्रकार ब्रेक ऑइलचा. हे तेल हवेतला ओलावा शोषते, आणि मेळघाटच्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. नवे डॉट 3 तेल 205 अंशांच्या आत उकळू नये असे मानक आहे. ओलावा शोषलेल्या त्याच तेलाची मर्यादा 140 अंशांवर येते. डॉट 4 चे हेच आकडे 230 आणि 155. तेल उकळले की पाइपात वाफ होते. वाफ दबते, त्यामुळे पाय सरळ तळाला जातो आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही. दोन वर्षांतून एकदा ब्रेक ऑइल बदला, असे गाडीच्या पुस्तकात बहुधा लिहिलेले असते. आपल्याकडे ते बदलत नाहीत, कमी झाले की वरून टाकतात. वरून टाकल्याने आतला ओलावा जात नाही.

ब्रेक मुळीच वापरू नका असे कोणी म्हणत नाही. वापरायची रीत असते. पाय ब्रेकवर ठेवून घासत-घासत खाली येऊ नका. समजा या उतारावर तीसचा वेग ठीक आहे. गाडी तिसावर आली की नीट दाबून विसावर आणा आणि पाय पूर्ण उचला. ती पुन्हा तिसावर जाईल, पुन्हा तसेच करा. मधल्या वेळात ड्रमला वारा लागतो. वारंवार ब्रेक लावावा लागत असेल तर थांबून खालचा गिअर घ्या. वास आलाच तर रुंद जागा बघून गाडी उभी करा, अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तो तडकतो.

ट्रॅक्टरवाल्या भावांशी थोडे सविस्तर बोलायचे आहे, कारण गावांच्या वाटेवरचे नाले-रपटे त्यांच्याच वाट्याला येतात. ट्रॉलीला बहुतेक वेळा ब्रेकच नसतो. सगळे ओझे ट्रॅक्टरला मागून ढकलते. उतारावर क्लच दाबला की ट्रॉली मालक होते. आणि एक फसगत जवळून बघण्यासारखी आहे. उतार निम्मा झाल्यावर वेग जास्त वाटतो, म्हणून चालक क्लच दाबतो, दांडी काढतो आणि खालचा गिअर टाकायला जातो. जुन्या बनावटीच्या गिअरबॉक्समध्ये चालत्या ट्रॅक्टरला तो गिअर पडत नाही. दाते खरखरतात, दांडी परत येते, पुन्हा ढकलली की पुन्हा खरखर. आता कोणताच गिअर नाही, आणि त्या दोन-तीन सेकंदांत ट्रॉलीने वेग घेतलेला असतो. म्हणून उताराच्या वर ट्रॅक्टर पूर्ण थांबवा, लो टाका, गिअर ठरवा आणि तळ गाठेपर्यंत दांडीला हात लावू नका.

ट्रॅक्टरला उजव्या-डाव्या चाकाचे दोन वेगळे ब्रेक पॅडल असतात. शेतात वळायला ते सोयीचे. रस्त्यावर आल्यावर त्यांना जोडायची पट्टी लावलीच पाहिजे. ती न लावता घाईत एकच पॅडल दाबले गेले तर एक चाक धरते, ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याच्या अंगावर येते. किती ट्रॅक्टरांची ती पट्टी गंजून एका बाजूला लटकलेली असते, हे आठवडी बाजाराच्या दिवशी उभ्या ट्रॅक्टरांकडे बघून या.

चढावर धोका उलटा. ट्रॉली फसली आणि जोर करून क्लच झटकन सोडला तर पुढची चाके उचलतात. ओढ नेहमी ठरलेल्या खालच्या हुकालाच असावी. साखळी वरच्या बाजूला अडकवली तर ट्रॅक्टर मागे पालथा होतो आणि चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

चढ चढता-चढता कुठलीही गाडी दमली तर तिथेच आडवी करून वळवायचा प्रयत्न करू नका. उतारावर आडवी गाडी कलंडते. ब्रेक धरा, रिव्हर्स टाका आणि सरळ मागे या, रिव्हर्स गिअरच्याच आधाराने. उतारावर आडवे न होण्याचा आणि गिअर आधीच निवडण्याचा धडा पर्यटनाच्या ठिकाणी भाड्याने मिळणाऱ्या एटीव्हीला सगळ्यात जास्त लागू आहे. चार जाड चाके बघून पोरांना वाटते ही कुठेही चढेल. बऱ्याच एटीव्हीत पट्ट्याचा आपोआप बदलणारा गिअर असतो. उभ्या चढावर दांडी एच (हाय) वर ठेवून रेस दिली की पट्टा घसरतो, तापतो, जळका वास येतो. चढाआधीच एल (लो) टाकायचा, आणि उतरतानाही एलच. काही बनावटीत इंजिनाची पकड तळापर्यंत राहील अशी सोय असते. ज्यांत नसते, त्यांत वेग अगदी कमी झाला की आतला क्लच सुटतो आणि यंत्र मोकळे धावते. भाड्याने देणाऱ्याला आधी हा प्रश्न विचारा. त्याला उत्तर देता आले नाही तर उतारावर नेऊ नका.

स्कूटीची गोष्ट याच घराण्यातली. शिक्षिका, आशाताई, नर्सबाई रोज स्कूटीने गावोगाव जातात, आणि “तिला गिअरच नाही तर करू काय” असे म्हणतात. स्कूटीच्या आतही पट्टा आणि फिरण्याने धरणारा क्लच आहे. थोडा वेग असेपर्यंत तो धरून असतो आणि इंजिन थोडीफार पकड देते. वेग फार उतरला की तो सुटतो आणि स्कूटी मोकळी होते. तेव्हा ब्रेक दाबून ठेवून अगदी मुंगीच्या पावलाने उतरण्यापेक्षा दाबा-सोडा करत, हलक्या वेगात, चालू इंजिनाने उतरा. दोन्ही ब्रेक वापरा. स्विच बंद करून उतरू नका. लांब उतारावर दोनदा थांबायला लाज कसली? बॅटरीच्या स्कूटरला उतारावर चार्ज परत घेणारी पकड असते, पण बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ती घ्यायला जागा नसते आणि पकडही मिळत नाही. चिखलदऱ्याहून निघताना थोडी रिकामी ठेवूनच निघा.

आपोआप गिअरची मोटार घेऊन येणाऱ्या पाहुण्यांनाही सांगा. डी वर ठेवली की ती उतारावर स्वतःहून वरचा गिअर घेते. एल, दोन किंवा मॅन्युअल जे असेल ते निवडायचे, त्यासाठीच ते दिलेले आहे.

आणि खरेच ब्रेक गेला तर? एक्सलेटर सोडा, गिअर एक-एक करून खाली आणा, न्यूट्रल चुकूनही नाही. तेलाचा ब्रेक असेल तर पॅडल भराभर दाबून बघा, कधी-कधी परत धरतो. हवेचा असेल तर दाबत बसू नका, हवा संपेल. हँडब्रेक एकदम न ओढता हळूहळू ओढा. हॉर्न आणि दिवे चालू ठेवा. काहीच जमले नाही तर गाडी डोंगराच्या अंगाला, नालीत घाला. पत्रा फाटेल. दरीपेक्षा पत्रा स्वस्त.

2024 च्या सप्टेंबरात सेमाडोहजवळ धारणीकडे येणारी खाजगी बस पुलावरून खाली गेली आणि माणसे गेली. त्या अपघाताचे कारण सांगायला मी बसलो नाही, ते तपासाचे काम. पण शंभरेक किलोमीटरचा हा परतवाडा-धारणी रस्ता आपल्याला टाळता येत नाही. दवाखाना, कचेरी, कॉलेज, सगळे त्याच वाटेने. होळीला मजुरीहून परतणारी आपली माणसे याच वाटेने पिकअपमध्ये दाटीवाटीने येतात. वजन दुप्पट म्हणजे ब्रेकवरची आगही दुप्पट, हे मालकाला ऐकवायला हवे. आणि प्रवाशांनी गप्प बसू नये. आवाज बसला, वारा वाढला, की मागून म्हणा, “भाऊ, गिअरात घ्या.” त्याला राग येईल, येऊ द्या. ड्रायव्हरनेही एक विसरू नये : समोरून चढणारी गाडी दिसली तर उतरणाऱ्याने थांबायचे असते. वाहतुकीचा नियमच तसा आहे, कारण चढावर थांबलेल्या भरल्या गाडीला पुन्हा निघणे जड जाते.

शेवटी एक मागणे. घाटात गाडी उभी केली की आपण चाकामागे गोटा लावतो, ते बरोबरच आहे. पण गाडी निघाली की तो तिथेच राहतो, आणि अंधारात मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो दिसत नाही. क्लिनरला खाली उतरवा, गोटा उचलून नालीपलीकडे टाकायला लावा, मगच पुढे जा.